ब्राउझरची किल्ली कुणाच्या हाती?

कोल्हापुरात माझ्या वर्गातली मुलं उर्दू-मराठी शब्दार्थ शोधायला बसली, की उत्तराआधी ‘डाउनलोड’ची खोटी बटणं समोर येतात. म्हणून मी आधी फायरफॉक्समध्ये ‘युब्लॉक ओरिजिन’ बसवते. फुकट आहे, अँड्रॉइड फोनवरही चालतं. जाहिरातींसोबत पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्टही अडवतं. क्रोममध्ये आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती मिळते.

बाकी एक्स्टेंशनचा मोह नको. ‘द ग्रेट सस्पेंडर’ चांगलंच होतं. २०२० मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने घातक म्हणून काढून टाकलं. सगळ्या संकेतस्थळांवरचा डेटा वाचायची परवानगी म्हणजे घराची किल्लीच! युब्लॉकही ती मागतं. पण ते बनवणारे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत. कूपन शोधून देणाऱ्याला ती किल्ली का द्यायची?