दुधाची परीक्षा गव्हाणीत व्हावी

सन 2006 च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यात ‘अन्न’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. तिच्यात बाटलीबंद पाणी येते, मद्य येते, च्युइंगमदेखील येते. जनावरांचे खाद्य मात्र तिच्यातून स्पष्ट शब्दांत वगळलेले आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने म्हैस जे देते ते अन्न, म्हैस जे खाते ते अन्न नव्हे. निसर्ग ही सीमारेषा मानीत नाही. गव्हाणीत पडलेल्या आंबोणातील विष एका दिवसाच्या आत दुधात उतरते, आणि ते दूध पिणाऱ्या मुलाच्या शरीराला कायद्याची व्याख्या ठाऊक नसते.

या प्रश्नाचा विचार करण्यास जबलपूरइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. शहरालगत परियट नदीच्या परिसरात म्हशींचे मोठे गोठे आहेत. खव्याची जलेबी ही या शहराची खूण आहे. पशुवैद्यकाचे महाविद्यालय येथे 1948 पासून आहे, आणि 2009 मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यक विद्यापीठाला मराठवाड्यातील कडोळी गावी जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव आहे. गोठ्यांतील शेण नदीत जाते म्हणून वाद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत पोहोचला. गोठ्यातून बाहेर काय पडते, याची अशी चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. गोठ्यात आत काय जाते, याची चर्चा मात्र तितकीशी होत नाही. ही उणीव एकट्या जबलपूरची नाही. ती साऱ्या देशाची आहे.

आत जाणाऱ्या वस्तूंची यादी साधी आहे: गव्हाचा भुसा, तांदळाचा कोंडा, डाळींची चुनी, मका, सरकीची व शेंगदाण्याची पेंड. यांतील बहुतेक वस्तू माणसाच्या उपयोगाच्या नाहीत, आणि त्यांचे दूध करून देणे हा रवंथ करणाऱ्या प्राण्याचा मोठाच उपकार आहे. पण पावसाळ्याच्या दमट हवेत पेंड व मका ओलावा धरतात आणि त्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन बी-1 हे विष तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनांना मानवात निश्चितपणे कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. जनावराच्या यकृतात बी-1 चे रूपांतर एम-1 मध्ये होते. यातील ‘एम’ हे अक्षर दुधासाठीच्या इंग्रजी शब्दावरून आले आहे.

या विषाची ओळखच मुळी जनावरांच्या खाद्यातून झाली. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. शोधाअंती बोट ठेवले गेले ते ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर. भारताचा धडा याहून कटू आहे. 1974 च्या शरद ऋतूत गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा भागांत पावसाने भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन 397 माणसे काविळीने आजारी पडली आणि त्यांपैकी 106 दगावली. त्या घरांतील कुत्रीही मेली. माणसाचे धान्य आणि जनावराचे खाद्य यांत बुरशी भेद करीत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

तरीही दुधाविषयीची लोकांची भीती वेगळ्याच ठिकाणी अडकून पडली आहे. सणासुदीला युरिया, साबण आणि कृत्रिम दूध यांच्या बातम्या येतात. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये 50 हजारांहून अधिक लोकवस्तीच्या 1,103 गावांतून व शहरांतून दुधाचे 6,432 नमुने तपासले. आरोग्यास घातक भेसळ आढळली ती अवघ्या 12 नमुन्यांत. प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते 77 नमुन्यांत. अफ्लाटॉक्सिन एम-1 मात्र 368 नमुन्यांत, म्हणजे 5.7 टक्के दुधात, मर्यादेपेक्षा अधिक होते. आणि ते कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक दिसून आले. भेसळ करणारा माणूस पकडता येतो, म्हणून त्याची बातमी होते. बुरशीला चेहरा नसतो, म्हणून तिची बातमी होत नाही.

विद्यार्थ्यांनी येथे एक लहानसे गणित करून पाहावे. एक म्हैस दिवसाला 4 किलो आंबोण खाते आणि 8 लिटर दूध देते असे धरू. आंबोणाच्या दर किलोत 100 मायक्रोग्रॅम बी-1 असेल, तर पोटात 400 मायक्रोग्रॅम जाईल. त्यातील साधारण 2 टक्के एम-1 च्या रूपाने दुधात उतरले, तर दर लिटरला 1 मायक्रोग्रॅम होते. भारतातील मर्यादा 0.5 आहे, म्हणजे दूध दुपटीने दोषी ठरले. आता भारतीय मानक ब्युरोने पशुखाद्यासाठी घातलेली 20 मायक्रोग्रॅमची मर्यादा घेऊ. दुधात 0.2 उतरते, दूध उत्तीर्ण होते. युरोपीय संघ दुभत्या जनावरांच्या खाद्याला केवळ 5 मायक्रोग्रॅमची मुभा देतो. त्याच हिशेबाने दुधात 0.05 येते, आणि तेथील दुधाची मर्यादा नेमकी तेवढीच आहे. म्हणजे दुधाची मर्यादा पाळायची, तर तिची सुरुवात खाद्याच्या मर्यादेपासूनच करावी लागते.

उकळण्याने हे विष जात नाही, पाश्चरीकरणानेही जात नाही. ते दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून राहते; म्हणून पनीरमध्ये ते दाटते. चार-पाच लिटर दूध आटवून एक किलो खवा होतो, तेव्हा पाणी उडून जाते आणि विष मागे उरते. जबलपूरच्या हलवायाचे कौशल्य कितीही थोर असले, तरी गोठ्यात झालेली चूक त्याच्या कढईत दुरुस्त होत नाही.

सन 2020 च्या आरंभी प्राधिकरणाने व्यावसायिक पशुखाद्य मानक ब्युरोच्या निकषांनुसार असावे, असा निर्देश काढला. दिशा योग्य होती. परंतु काही राज्यांचे स्वतंत्र आदेश सोडले, तर पशुखाद्यासाठी समर्पित असा केंद्रीय कायदा नाही. आणि शिक्का मारलेल्या पोत्यांपलीकडे सुटी पेंड, सुटा मका व घरचे मिश्रण यांचे विस्तीर्ण जग उरतेच. शिवाय दुधाचा भाव ठरतो तो स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ यांवर. कोरडी, महाग पेंड घालणाऱ्या शेतकऱ्याला आणि भिजलेली, स्वस्त पेंड घालणाऱ्या शेतकऱ्याला डेअरीच्या काट्यावर एकच दर मिळतो. जेथे सावधपणाला मोल नाही, तेथे केवळ उपदेशाने सावधपणा येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. तपासणीचा भार दोन म्हशींच्या मालकावर पडला, तर तो धंदाच सोडील. म्हणूनच परीक्षा त्याच्या अंगणात नव्हे, तर त्याच्या आधीच्या पायरीवर व्हावी: तेलगिरणीत, पेंडीच्या गोदामात आणि खाद्याच्या कारखान्यात. शेतकरी लाखोंनी आहेत. गिरण्या व कारखाने मोजता येतील इतके आहेत. दूध संघांनी संकलन केंद्रांवर पट्टीची झटपट चाचणी ठेवावी, आणि दोषी दूध आढळले तर दंडाऐवजी सल्ला द्यावा. कारण दूषित खाद्य थांबविले की काही दिवसांतच दूध स्वच्छ होते. इतका सोपा उपाय फार थोड्या विषांवर असतो. खाद्यातील ओलावा 11 टक्क्यांच्या आत, पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, आणि बुरशी दिसलेली पेंड उकिरड्यावर, एवढ्या तीन गोष्टींनी बरेचसे काम होते.

जबलपूरसारख्या शहरात गोठे आहेत, हलवाई आहेत आणि पशुवैद्यकाचे विद्यापीठही आहे. दर पावसाळ्यात बाजारातील पेंडीचे नमुने तपासून त्यांचे निष्कर्ष उघडपणे फलकावर लावणे, हे काम विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून सहज होऊ शकेल. ग्राहकालाही तेव्हा नवा प्रश्न विचारता येईल. दुधात पाणी किती, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारून झाला. म्हशीने काल काय खाल्ले, हा प्रश्न विचारण्याची वेळ आता आली आहे. ‘माणसाला नको ते जनावराला’ हा हिशेब जोवर चालू आहे, तोवर जे नको म्हणून टाकले, तेच पेल्यातून परत येत राहील.