हजेरी ॲपमध्ये, मजूर उन्हात

हिंगोली–नांदेड रस्त्यावरचे आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातले बाजाराचे गाव. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसे इथे हळद-सोयाबीन विकायला येतात, बँकेत येतात, दवाखान्यात येतात. गेल्या काही वर्षांत येण्याचे आणखी एक कारण वाढले आहे : मोबाईलवर अडलेले काम सोडवून घेणे. कुणाचा ओटीपी येत नाही, कुणाचा आधारला जोडलेला नंबर बंद पडला आहे, कुणाच्या फोनमध्ये ॲप उघडतच नाही. सेतू केंद्रातला मुलगा स्क्रीनकडे बघून म्हणतो, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." त्या उद्यासाठी मजुरी बुडते आणि गाडीभाडेही जाते.

मोबाईल बिघडणे ही कटकट सगळ्यांचीच आहे. पण ज्याचे बँक खाते भरलेले आहे त्याची कटकट आणि जिची आजची मजुरी त्या ॲपवर अवलंबून आहे तिची कटकट, या दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत. आपल्या समाजातला मोठा वर्ग आजही भूमिहीन आहे, मजुरीवर जगतो. म्हणून हा प्रश्न आम्हाला तंत्रज्ञानाचा कमी आणि हक्काचा जास्त वाटतो.

रोजगार हमीचेच उदाहरण घेऊ. ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडून, पाझर तलाव खोदून जगली. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला. फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले जे १२ जिल्हे निवडले गेले, त्यांत हिंगोली होता. म्हणजे आपल्या भागातल्या मजुराला हजेरीपट नवा नाही. एक अख्खी पिढी त्यावर अंगठा देत आली आहे.

त्या कागदी हजेरीपटात लबाडी होत होती, हे कुणी नाकारू नये. मेलेल्यांची नावे लागत, कामावर न आलेल्यांची मजुरी उचलली जाई. ही लबाडी थांबवायची म्हणून केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये एनएमएमएस नावाचे ॲप आणले. १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून सर्व कामांवर ते सक्तीचे झाले. दिवसातून दोन वेळा मजुरांचा फोटो काढायचा, त्यावर वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते. दोन फोटोंत चार तासांचे अंतर लागते. त्यामुळे सकाळी लवकर येऊन ठरलेले मोजमाप पूर्ण करणाऱ्या बाईलाही दुसऱ्या फोटोसाठी उन्हात थांबावे लागते. रोजगार हमीची मजुरी कामाच्या मापावर ठरते; फोटो मात्र वेळ मोजतो. ज्या बाईला घरी जाऊन पाणी भरायचे आहे, लेकराला बघायचे आहे, तिचे चार तास या दोन मापांच्या मध्ये अडकतात.

ॲपने लबाडी तरी थांबली का? याचे उत्तर सरकारनेच दिले आहे. ८ जुलै २०२५ रोजी केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना परिपत्रक पाठवले. त्यात ॲपच्या गैरवापराचे प्रकार मोजून दिले आहेत : कामाशी संबंध नसलेले फोटो टाकणे, जुन्या फोटोचाच फोटो काढून तो हजेरी म्हणून चढवणे, फोटोतली माणसे आणि नोंदवलेली माणसे यांचा मेळ नसणे, एकच मजूर वेगवेगळ्या हजेरीपटांच्या फोटोंत दिसणे. उपाय म्हणून ग्रामपंचायतीने सगळेच फोटो डोळ्यांनी तपासावेत, असा आदेश निघाला. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणले आणि यंत्र तपासायला पुन्हा माणूस बसवला. ज्याला चोरी करायची त्याने फोटोचा फोटो काढला. चोरी न करणाऱ्या मजुराची हजेरी मात्र रेंज गेली, फोन अडकला, फोटो चढला नाही, म्हणून बुडू शकते. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाची मजुरी ३१२ रुपये होती. एवढी रक्कम एका न चढलेल्या फोटोपायी जाणे ही भूमिहीन घरासाठी लहान गोष्ट नाही.

सरकारची बाजूही मांडली पाहिजे. रेंज नसेल तर फोटो काढून ठेवावा आणि रेंजमध्ये आल्यावर चढवावा, अशी सोय ॲपमध्ये केलेली आहे. अपवादात्मक अडचणीत हाताने हजेरी भरण्याची मुभाही आहे. पण तो अधिकार जिल्हा कार्यक्रम समन्वयकाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी पातळीवर आहे. बाळापूर परिसरातल्या एखाद्या वाडीवरच्या मजुराने एका दिवसाच्या हजेरीसाठी हिंगोलीपर्यंत दाद मागायची, हे कागदावर शक्य आहे. प्रत्यक्षात त्या दादेचा खर्चच मजुरीपेक्षा जास्त होतो.

आमच्या मते दुखणे इथेच आहे. पूर्वी हजेरी चुकली तर चुकवणाऱ्याला नाव होते. रोजगार सेवक असे, तांत्रिक अधिकारी असे; त्याच्याकडे जाऊन भांडता येई, तहसीलवर मोर्चा नेता येई. आता कुणाकडेही गेले तरी तो ॲपकडे बोट दाखवतो, आणि ॲपला दार नाही, खुर्ची नाही. रोजगार सेवकाची तरी काय चूक? त्यालाही वरून तेच सांगितले गेले आहे. काम केल्याचा पुरावा ठेवण्याची जबाबदारी काम देणाऱ्याची होती. ती हळूहळू काम करणाऱ्याच्या अंगावर आली आहे.

हेच इतर ठिकाणीही दिसते. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. ते फोन २ जीबी रॅमचे होते, तापायचे, अडकायचे, आणि पोषण ट्रॅकर ॲपमधली माहिती इंग्रजीत भरावी लागे. मराठीतून शिकलेल्या बाईने कुपोषित बाळाचे वजन इंग्रजीत नोंदवायचे आणि ॲप चालले नाही तर बोलणीही तिनेच खायची! लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीचेही तेच झाले. १८ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने दोन महिन्यांची मुदत दिली. बाईच्या ओटीपीबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला. मग विधवा, परित्यक्ता आणि वडील हयात नसलेल्या बहिणींनी काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. शेवटी सरकारला पद्धत बदलावी लागली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या ५३.९ टक्के महिलांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या महिला ३३.३ टक्के, तर पुरुष ५७.१ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरात एकच फोन असेल तर तो कुणाच्या खिशात राहतो, हे वेगळे सांगायला नको.

आता हा प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी 'विकसित भारत–जी राम जी' हा कायदा मंजूर केला. त्यात १०० ऐवजी १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचा आहे. त्याची चर्चा होते आहे, व्हायलाच हवी. पण आजवर ॲपची सक्ती परिपत्रकांतून आली होती. नव्या कायद्यात बायोमेट्रिक ओळख आणि डिजिटल देखरेख कायद्याच्या मजकुरातच आली आहे. परिपत्रक मोर्चाने बदलता येते. कायदा बदलायला संसद लागते. १२५ दिवस कागदावर मिळाले आणि चेहरा जुळला नाही म्हणून हजेरी पडली नाही, तर वाढीव दिवसांचा उपयोग काय?

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ज्या कामाला वेळ नाही, मोजमाप नाही आणि रास्त मोबदला नाही, ते काम माणसाला गुलाम करते, हा त्या लढ्याचा गाभा होता. म्हणून श्रमाची चोख नोंद आपल्यालाही हवीच आहे. मात्र आपल्या समाजाने आणि भटक्या-विमुक्तांनी दोन प्रकारच्या हजेऱ्या पाहिल्या आहेत. एक हजेरी मजुरी मिळवून देते. दुसरी गुन्हेगार जमाती कायद्याखाली पोलीस पाटलापुढे द्यावी लागे, आणि ती माणसावर संशय म्हणून घेतली जाई. ॲपवरची हजेरी पहिल्या प्रकारची राहावी, एवढीच मागणी आहे.

त्यासाठी काही गोष्टी ठामपणे मागता येतील. ॲप चालले नाही त्या दिवशी कामावरचा कागदी हजेरीपट ग्राह्य धरावा आणि तो अधिकार तालुक्याला द्यावा. हजेरी नाकारली तर कारण आणि अधिकाऱ्याचे नाव असलेली लेखी चिठ्ठी त्याच दिवशी द्यावी. ज्याने फोटो काढायचा त्याला फोन आणि रिचार्ज सरकारने द्यावा. प्रत्येक ॲप पूर्ण मराठीत असावे.

आपल्या बाजूनेही काम आहे. काम मागताना नमुना ४ चा अर्ज देऊन तारखेची पोच घ्यायचीच, ती न घेता घरी यायचे नाही. पोच नसेल तर बेकारी भत्ता मागता येत नाही. कामावरच्या बायांनी एका वहीत रोजची हजेरी लिहून एकमेकींच्या सह्या-अंगठे घ्यावेत. विहारात दर पौर्णिमेला माणसे जमतातच. तिथे शिकलेल्या पोरांनी अर्धा तास या वह्या तपासायला आणि बुडालेल्या दिवसांचा एकत्रित अर्ज लिहायला द्यावा. तो अर्ज ग्रामसभेत वाचून ठरावात घ्यायला लावावा. एकट्या मजुराला "सर्व्हर डाऊन" सांगून परत पाठवता येते. पन्नास जणांच्या सहीच्या अर्जाला मात्र आवक क्रमांक द्यावा लागतो, आणि उत्तरही.