लग्न झालं की होईल सगळं ठीक!

परवा भाचीची सोनोग्राफी झाली. पीसीओडी निघालं. संध्याकाळपर्यंत घरातून चार फोन, आणि चौघींचा प्रश्न एकच, "पुढे मूल व्हायला अडचण नाही ना गं?" पोरीचं बीपी किती आहे, हे एकीनेही विचारलं नाही. डॉक्टरांनीही मोजलं नव्हतं म्हणे!

मी भडकले, कारण हा सिनेमा मी आधीच पाहिलाय. एकोणिसाव्या वर्षी मलाही हेच निदान झालं. पाळीच्या गोळ्या, 'वजन कमी कर' हा सल्ला आणि 'लग्न झालं की होईल सगळं ठीक' हा आशीर्वाद, एवढ्यावर माझी बोळवण झाली. लग्न झालं, मुलं झाली, सगळ्यांच्या लेखी मी बरी झाले. एक्केचाळिसाव्या वर्षी विम्याच्या तपासणीत कळलं, साखर काठावर, बीपी वर आणि ट्रायग्लिसराइड्सचं तर विचारूच नका. बाळंतपणं सोडली तर मधल्या बावीस वर्षांत माझ्या दंडाला कुणी बीपीचा पट्टा गुंडाळला नव्हता.

खरं तर नावापासूनच घोळ आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन केलं, तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावर खिळलीय. पण बऱ्याच जणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते रक्तात वाढतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं, आणि त्या हार्मोनला बांधून ठेवणारं यकृतातलं प्रथिनही कमी करतं. म्हणजे हनुवटीवरचे केस आणि रक्तातली चरबी ही एकाच घरातली भावंडं! आपण मात्र एकीला पार्लरमध्ये नेतो आणि दुसरीची चौकशीही करत नाही.

"उगाच घाबरवतेस, विशीत कुठला हार्ट अटॅक?" मान्य. विशीत धोका कमीच असतो. पण नळ्यांमध्ये चरबी साचायला वर्षं लागतात, आणि तीच वर्षं आपण वाया घालवतो. "ती तर बारीक आहे", हेही ऐकलं. बारीक मुलींनाही हा त्रास असू शकतो, बरं का.

२०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं काही जगावेगळं मागत नाहीत. निदान झालं की साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा, बीपी दरवर्षी मोजा, साखर एक ते तीन वर्षांनी पुन्हा बघा. आपल्या दक्षिण आशियाई लोकांना तर मधुमेहाचा धोका मुळातच जास्त.

तेव्हा मावश्यांनो, आत्यांनो (वाचताय, ठाऊक आहे मला!), पुढचा फोन कराल तेव्हा नातवंडांआधी पोरीच्या हृदयाची विचारपूस करा. ती आई होईल न होईल, हृदय तिला जन्मभर वापरायचंय.

असो. मी बीपीचं मशीन घेऊन ठेवलंय. लग्नातल्या आहेरासाठी नाही, या रविवारीच द्यायला.