कुलूप गप्प बसलं तर...

२०२५ च्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. खामगावहून बाबांचा फोन. "अरे, तुयं ते कुलूप आज पासवर्ड काहून भरून नाही राह्यलं?"

कुलूप म्हणजे पासवर्ड मॅनेजर. उन्हाळ्यात घरी गेलो तेव्हा बाबांच्या डायरीतले सगळे पासवर्ड बदलून त्यात टाकले होते. बँकेचं पान उघडलं की आपोआप भरलं जायचं. बाबा खूष!

"पान उघडलं कुठून?"

"एसएमएस आला ना, केवायसी करा म्हणून."

लिंक वाचायला लावली. बँकेच्या नावात एक अक्षर जास्त होतं. नवा पासवर्ड बाबांना पाठ नव्हता म्हणून वाचलो, नाहीतर टाकून मोकळे झाले असते.

मंडळी, आपण पानाचा चेहरा बघतो. लोगो, रंग वगैरे. मॅनेजर फक्त पत्ता जुळवतो. जुळला नाही तर गप्प. ते गप्प बसणं हाच इशारा, पण आपण "बिघडलं वाटतं" म्हणून पासवर्ड कॉपी-पेस्ट करतो.

यात भलेभले सापडतात. 'हॅव आय बीन प्वन्ड' चालवणारा ट्रॉय हंट मार्च २०२५ मध्ये मेलचिंपच्या खोट्या पानावर फसला. प्रवासाने थकला होता. त्याच्याही मॅनेजरने काही भरलं नव्हतं; त्याने स्वतः भरलं. सुमारे १६,००० लोकांचे ईमेल पत्ते गेले.

माझा खरा राग आहे तो ऑटोफिल आणि पेस्ट मुद्दाम बंद करणाऱ्या साइट्सवर. म्हणे सुरक्षेसाठी! खऱ्या पानावर रोज हाताने टाईप करायची सवय लागली, की खोट्या पानावरही हात तसाच चालतो.

रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, ते मात्र उत्तम. हा पत्ता बँकांनाच मिळतो. फक्त पत्ता बदलल्यावर कुलूप खऱ्या पानावरही गप्प बसू शकतं. अशा वेळी पत्त्याचा शेवट तपासायचा आणि नवा पत्ता एकदाच सेव्ह करायचा.

फोनवर ओटीपी सांगून टाकला तर कुलूप काहीच करू शकत नाही, हेही खरं. असो.

बाबांना एकच नियम दिलाय. कुलूप गप्प, तर आपणही गप्प. आधी मला फोन. तुमच्या घरी हा फोन कुणाला येतो?