‘फुल वेल्डिंग’ मागू नका!

बाल्कनीचं लोखंडी दार असो, पाण्याच्या पंपावरची पेटी असो की गाडीसाठी केलेली छोटी शेड, काम करून घेताना आपण फॅब्रिकेटरला एक वाक्य हमखास ऐकवतो, "नुसते टाके नकोत हां, फुल वेल्डिंग करा!" पैसे मोजतोय म्हटल्यावर काम मजबूत हवं, कबूल. पण पत्रा पातळ असेल तर या आग्रहापायीच काम बिघडतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बघा. जाड प्लेटवर आर्क लावला की उष्णता आजूबाजूच्या लोखंडात पसरते. पातळ पत्र्यात पसरायला पुरेसं लोखंडच नसतं. १८ गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम १.२ मिमी (गेजचा आकडा मोठा, तितका पत्रा पातळ!). पोलाद वितळतं १५०० अंशांच्या आसपास आणि आर्क त्याहून कितीतरी गरम. त्यात नेहमीचा रॉड २.५ किंवा ३.१५ मिमीचा, म्हणजे पत्र्याच्या दुप्पट जाड. करंट वाढवला की भोक पडतं, फार कमी केला की रॉड चिकटतो. भोक बुजवायला आणखी वेल्डिंग, त्याने आणखी उष्णता, की भोक अजून मोठं. सलग ओढत नेलं तर भोक न पडताही पत्रा वाकतो, तो वेगळाच.

यावर जाणत्या कारागिराचा उपाय एकच: उष्णता हप्त्याहप्त्याने द्यायची. पत्रे फट न ठेवता घट्ट बसवायचे, आधी ठिकठिकाणी टाके घालायचे. मग एक छोटा टाका इथे, पुढचा पार दुसऱ्या टोकाला, तोवर पहिला निवतो. मागून तांब्याची पट्टी लावली तर ती उष्णता ओढून घेते आणि वेल्ड तिला चिकटतही नाही. पत्रा जाड अँगलला जोडायचा असेल तर आर्कचा रोख अँगलकडे ठेवायचा. रॉड २ मिमी किंवा त्याहून बारीक घ्यायचा. त्याहून चांगलं म्हणजे ०.८ मिमी तारेचं सीओटू वेल्डिंग.

टाके कच्चे वाटतात? मग आपल्या गाडीकडे बघा. तिच्या बॉडीचे बरेचसे पत्रे एक मिलिमीटरहूनही पातळ असतात आणि ते मुख्यतः हजारो स्पॉट वेल्डनी जोडलेले असतात. तिथे नाही कुणी म्हणत "फुल मारा"!

पाण्याची टाकी असेल तर सांधा सलग हवाच. पण तोही टाक्याला टाका जोडत, थांबत थांबतच पूर्ण होतो. वेळ लागतो, आणि नेमका तोच द्यायला आपण तयार नसतो. मग घाईत पत्रा जळतो, लांबी भरून रंग मारला जातो आणि दोन पावसाळ्यांत गंज वर येतो. बोल बसतो कारागिराला. पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर जास्त जाळलेल्या जस्ताचा पांढरा धूर त्याच्याच छातीत जातो आणि रात्री त्याला ताप भरतो, ते निराळंच.

तेव्हा पुढच्या वेळी ‘फुल वेल्डिंग’ म्हणण्याऐवजी एवढंच सांगा, इथे पाणी अडवायचंय की वजन पेलायचंय. टाके किती आणि कुठे, ते त्याला ठरवू द्या. आणि हो, वेळ द्या. त्या वेळेचे पैसेही.