बंधुतेचा परीघ

'मेडिकल फ्रॅटर्निटी'ने निषेध नोंदवला, अंत्यदर्शनाला सारी 'फिल्म फ्रॅटर्निटी' लोटली. हा शब्द आता बातम्यांतून सर्रास येतो आणि कुणी अडखळत नाही. एका धंद्यातली, एकमेकांना सांभाळून घेणारी माणसे, एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत तर पारखून घेतलेल्या मुलांच्या मंडळांचेच ते नाव. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला भाऊ आहे, आणि भावकीभोवती कुंपण पडायला वेळ लागत नाही.

हाच शब्द आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत मात्र कुंपण मोडायला आला. डिसेंबर 1946 मध्ये नेहरूंनी संविधान सभेत मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय होता, स्वातंत्र्य होते, समता होती. बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. फेब्रुवारी 1948 मध्ये मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभेच्या अध्यक्षांना कारणही कळवले: बंधुभावाची एवढी निकड या देशाला पूर्वी कधी नव्हती. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, गांधीजींच्या हत्येला महिनाही झाला नव्हता.

25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात आंबेडकरांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले ते याच धाग्याने. बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता रंगाच्या पुटाइतकीच खोल राहतील, हा त्यांचा इशारा होता. अन्यत्र तर त्यांना हा इंग्रजी शब्दही अपुरा वाटला. बुद्धाची मैत्री त्यांना अधिक नेमकी वाटे, कारण ती भावाबहिणींपाशी थांबत नाही, जीवमात्रापर्यंत जाते.

स्वातंत्र्यावर गदा आली तर कोर्टाची पायरी चढता येते. पण आडनाव ऐकून घर नाकारणाऱ्याच्या मनात आपुलकी उपजवील असे कलम कोणती घटना लिहिणार? ते काम नागरिकांवर सोपवलेले आहे, आणि आपण ते फार कमी केले आहे असे आम्हाला मनापासून वाटते. आपला फराळ कोणकोणत्या दारांत जातो, हे एकदा आठवून पाहावे.

म्हणून यंदाच्या दिवाळी अंकासाठी आम्ही लेखकांना एकच अट घातली: आपल्या जातीच्या, धर्माच्या, व्यवसायाच्या बाहेरच्या एका जवळच्या माणसाविषयी लिहा. काहींनी मुदत वाढवून मागितली, कारण असा माणूस त्यांना चटकन आठवेना. ते लेख आम्ही अंकात सर्वांत आधी छापले आहेत.