डोंगरावरचे दार

आल्प्स म्हटले की आपल्याला हिंदी सिनेमातील गाणे आठवते. बर्फ, साडी आणि नाचणारी जोडी. आम्ही काही तिकडे गेलेलो नाही, आमच्या पगारात ते बसणारेही नाही. पण त्या पर्वतांत रात्रीच्या मुक्कामाची जी साधी घरे आहेत, त्यांची हकीकत वाचली आणि ती आपल्या कुटुंबांपर्यंत पोचवावी असे वाटले.

सोप्या पायवाटेने दोन-तीन तास चढले की असे घर लागते. दारातच चिखलाचे बूट काढून ठेवायचे आणि तिथल्या सपाता घालायच्या. वहीत नाव आणि उद्या कुठे जाणार तेही लिहायचे. कोणी वाटेत चुकला, तर शोध कुठून घ्यायचा ते त्यावरून कळते. जेवायला लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. झोपायला एका ओळीत गाद्या. अंगाखाली घ्यायची शिवलेली चादर आपली आपण न्यायची. रात्री दहानंतर गडबड नाही. पाणी जपून वापरायचे आणि आपला कचरा आपणच खाली न्यायचा. साहेब असो की मजूर, नियम सर्वांना एकच.

पण वाचकहो, हे दार सर्वांना सहज उघडलेले नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डोंगरात हिंडणे ही पैसेवाल्यांची हौस होती. व्हिएन्ना शहरातील कामगार एकेका खोलीत दाटीने राहत. भाडे भागावे म्हणून घरातली खाट परक्या माणसाला रात्रीपुरती देत. कारखान्यात ११ तासांचा दिवस कायद्यानेच मान्य होता. डोंगरातली जंगले जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली असत आणि वाटांवर प्रवेशबंदी असे. अशा काळात, १८९५ साली, गेओर्ग श्मीडल या शिक्षकाने कामगारांच्या वृत्तपत्रात जाहिरात देऊन निसर्गप्रेमींना एकत्र येण्याचे आवाहन केले. आलोइस रोहराउअर हा लोहार आणि कार्ल रेनर हा विद्यार्थी त्याला येऊन मिळाले. हेच रेनर १९४५ साली ऑस्ट्रियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या संघटनेचे नाव ‘निसर्गमित्र’ आणि भेटल्यावर म्हणायचे शब्द ‘डोंगर मोकळा’. टायरॉल प्रांतात सुमारे २,२३० मीटर उंचीवर त्यांचे पहिले घर १९०७ साली उभे राहिले. पुढे सभासदांनी सुट्टीच्या दिवशी श्रमदान करून ठिकठिकाणी अशी घरे बांधली.

दुसरी हकीकत अधिक कडू आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या मोठ्या गिर्यारोहण संघटनेने १९२४ साली ज्यूंचा भरणा असलेली आपली ‘डोनाउलांड’ शाखाच बाहेर काढली. ज्यू नकोत, अशा पाट्या मुक्कामाच्या घरांवर लागल्या. डोंगरावर हवा स्वच्छ असते, पण तेवढ्याने माणसाचे मन स्वच्छ होत नाही. अशा पाटीचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

बाहेर काढलेली माणसे रडत बसली नाहीत. त्यांनी बर्लिनच्या समविचारी मंडळींच्या साथीने २,४९८ मीटर उंचीवर ‘फ्रीझेनबेर्गहाउस’ हे स्वतःचे घर बांधले. पुढे नाझी राजवटीत ते त्यांच्याकडून गेले. निसर्गमित्रांवरही जर्मनीत १९३३ साली आणि ऑस्ट्रियात १९३४ साली बंदी आली, त्यांची घरे जप्त झाली. युद्धानंतर ती संघटना पुन्हा उभी राहिली. मोठ्या संघटनेनेही कालांतराने आपली चूक जाहीरपणे मान्य केली. आज फ्रीझेनबेर्गहाउस हे द्वेष आणि असहिष्णुता यांविरुद्ध माणसांनी भेटण्याचे ठिकाण म्हणून ओळखले जाते. खालच्या धरणापासून चालत अडीचेक तासांत तिथे पोचता येते.

मुलांना भूगोलात आल्प्स शिकवतात. शिखरांची उंची त्यांनी जरूर पाठ करावी. पण त्या डोंगरावरची दारे कोणाला बंद होती आणि ती कोणी उघडली, हे पुस्तकात नसते. ते आपण घरी सांगावे.